कोल्हापूरचे चित्रकार धुरंधर

आपल्या बेळगाव-निपाणी भागातील ख्रिस्ती घरांत गेथशेमाने बागेतील प्रभूचे चित्र नाही असे घर विरळा. खडकापाशी गुडघे टेकलेले, हात जोडलेले, दृष्टी वर लागलेली, आणि वरून प्रकाश उतरत असलेला. एका रविवारी शब्बाथ शाळेत हेच चित्र भिंतीवर लावून आम्ही धडा घेत होतो. शिष्य झोपी गेले हा भाग आला तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले की, शिष्य जर झोपले होते तर हे पाहिले कोणी आणि काढले कोणी? वर्ग हसला. आम्हीही हसलो, परंतु उत्तर काही त्या वेळी देता आले नाही.

ते चित्र हाइनरिख होफमान या जर्मन चित्रकाराचे आहे. १८२४ साली डार्मश्टाट गावी त्याचा जन्म झाला आणि १९११ साली ड्रेस्डेन शहरी तो मरण पावला. मंदिरात शास्त्र्यांमध्ये बसलेला बारा वर्षांचा येशू हे चित्रही त्याचेच. अशा चित्रकारांस इतिहासचित्रकार म्हणतात. मागे घडून गेलेला प्रसंग, जो त्यांनी पाहिला नाही आणि पाहणे शक्यही नव्हते, तो डोळ्यांपुढे उभा करणे हा त्यांचा धंदा. क्वचित एखाद्यास प्रसंग प्रत्यक्ष पाहावयासही मिळे. आंतोन फोन वेर्नर नावाचा दुसरा एक जर्मन चित्रकार १८७१ सालच्या जानेवारीत व्हर्सायच्या राजवाड्यात जर्मन बादशाहीची घोषणा झाली तेव्हा स्वतः दालनात हजर होता. तरी पुढे १८८५ साली बिस्मार्कच्या सत्तराव्या वाढदिवसासाठी त्याने तोच प्रसंग पुन्हा रंगविला, तेव्हा त्या दिवशी निळ्या गणवेशात असलेल्या बिस्मार्कला पांढरा गणवेश चढविला, आणि आजारामुळे तेथे नसलेल्या एका सेनापतीलाही रांगेत उभे केले. डोळ्यांनी पाहिलेला मनुष्य असे करू शकतो, तर न पाहिलेल्याने कशाच्या आधारावर रंग भरावेत?

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला जर्मनीपर्यंत जाण्याची गरज नव्हती, हे मागाहून ध्यानात आले. निपाणीहून कागलमार्गे तास-दीड तासाच्या वाटेवर जे कोल्हापूर, तेथेच महाराष्ट्राच्या एका मोठ्या इतिहासचित्रकाराचा जन्म झाला. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे, शंभराहून अधिक माणसांनी भरलेले जे दरबारचित्र आपण कॅलेंडरांवर, पुस्तकांत आणि शाळांच्या भिंतींवर पाहतो, ते त्यांचे. नाव महादेव विश्वनाथ धुरंधर. चित्र सर्वांस ठाऊक, चित्रकार थोड्यांस, अशी गोष्ट आहे.

१८६७ सालच्या मार्च महिन्याच्या १८ तारखेस धुरंधरांचा जन्म झाला. घराणे मुंबईच्या पाठारे प्रभू जातीचे. त्या वेळचे कोल्हापूर हे छत्रपतींच्या गादीचे गाव, मिशनरी रेव्ह. रॉयल वाइल्डर तेथे १८५२ साली आलेले होते आणि त्यांच्या शाळाही चालू होत्या. नव्या विद्येचा वारा गावात शिरला होता, पण जुने सारे अद्याप जागच्या जागी होते. दरबार, मानकरी, पालख्या, हत्ती, निरनिराळ्या जातींची निरनिराळी पागोटी, अंबाबाईच्या देवळाभोवतीची गर्दी. पन्हाळगड तर पाच-सहा कोसांवर. पुढे ज्याला शिवकाल रंगवावयाचा आहे अशा मुलास याहून चांगले पाळणाघर मिळाले नसते. राजाराम हायस्कुलात त्यांचे शिक्षण झाले. चित्रकलेची आवड त्या गावाच्या पाण्यातच असावी. आबालाल रहिमान हे थोर चित्रकार त्याच गावचे, आणि तेही मुंबईच्या कलाशाळेतून शिकून आलेले.

ती कलाशाळा म्हणजे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून ती १८५७ साली सुरू झाली. १८९० च्या जानेवारीत धुरंधर तिच्यात विद्यार्थी म्हणून दाखल झाले, ते १९३१ साली सेवानिवृत्त होऊनच बाहेर पडले. मधली एकेचाळीस वर्षे एकच वास्तू. पुढे त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या त्याचे नावही कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे असेच ठेवले. ते पुस्तक १९४० साली निघाले.

त्या वेळी शाळेचे मुख्य जॉन ग्रिफिथ्स हे होते. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला शाळेच्या विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षे करून घेणारे गृहस्थ ते हेच. शाळेत शिक्षण पाश्चात्त्य पद्धतीचे. आधी प्लास्टरचे पुतळे समोर ठेवून त्यांच्या छायाप्रकाशाचा अभ्यास, मग जिवंत मनुष्य समोर बसवून त्याचे हात, पाय, मान, कपड्यांच्या चुण्या. जे दिसते ते तसेच उतरविण्याचा सराव इतका की हात आपोआप चालावा. ही शिस्त कित्येकांस रुक्ष वाटली. धुरंधरांस ती मानवली. १८९५ साली बाँबे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्रास सुवर्णपदक मिळाले. त्या चित्राचे नाव आलीस का लक्ष्मी. ग्रीक देवता नाही, विलायती देखावा नाही. आपल्याकडील बायकांच्या तोंडचे चार शब्द हेच चित्राचे नाव. १८९६ साली ते त्याच शाळेत शिक्षक म्हणून नेमले गेले.

सगळे सुरळीत लागले असे वाटत असतानाच त्या वर्षाच्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला. वाचकांपैकी ज्यांच्या आज्या-पणज्यांनी प्लेगच्या गोष्टी सांगितल्या असतील त्यांस अधिक सांगणे नको. आपल्या भागातही पुढे गावेच्या गावे रानात झोपड्या बांधून राहिली होती. मुंबईतून लोक मिळेल त्या गाडीने पळत होते. १८९७ साली धुरंधरांची पत्नी बापूबाई प्लेगाने गेली. संसाराला फार दिवस झाले नव्हते, वय तिशीचे, नोकरी नवी. पुढे त्यांनी गंगूबाईंशी दुसरा विवाह केला आणि घर पुन्हा उभे राहिले. त्यांच्या चित्रांकडे पाहताना आम्हांला मात्र एक गोष्ट जाणवते, ती येथे सांगून टाकतो. लग्नमंडप, ओवाळणारी सुवासिनी, पाणी भरणारी बाई, स्वयंपाकघराचा उंबरा अशा घरगुती प्रसंगांकडे हा मनुष्य जन्मभर परत परत वळला. ज्याचे घर एकदा ओस पडले त्याला भरल्या घराची किंमत निराळी कळते, असे आम्ही मनाशी म्हणतो. तो आमचा तर्क आहे. कोणी तो इतिहास समजू नये.

धुरंधरांची खरी शाळा कोणती असे विचारले तर आम्ही मुंबईचा रस्ता असे सांगू. दिसेल त्याचे रेखाटन करण्याची त्यांना सवय होती आणि अशी रेखाटने हजारोंनी झाली. कोळीण, भंडारी, पारशी, बोहरी, मारवाडी, घाटावरून आलेला हमाल, टांगेवाला, भटजी, पोलीस. कोणाचे पागोटे कसे बांधलेले, कोणत्या जातीची बाई पदर कोणत्या खांद्यावर घेते, ओझे डोक्यावर असले की मान कशी ताठ होते आणि कंबर कोणत्या बाजूला झुकते, हे त्यांच्या बोटांना पाठ होते. या माणसांची त्यांनी पोस्टकार्डे काढली. एका दिडकीच्या कार्डावर अख्खा स्वभाव उतरलेला असे. हसू येई, पण त्या हसण्यात कोणाचा पाणउतारा नसे. इंग्रज ग्रंथकारांस हाच चित्रकार हवासा वाटू लागला. एडवर्ड्स यांचे मुंबईच्या गल्लीबोळांवरील पुस्तक १९१२ साली निघाले, त्यात धुरंधरांची चित्रे आहेत. १९१४ साली सी. ए. किंकेड यांनी आपल्याकडील वारांच्या व व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत सांगितल्या, तीही चित्रे धुरंधरांचीच. ओटो रॉथफेल्ड यांच्या हिंदुस्थानातील स्त्रियांवरील पुस्तकात तर त्यांची ४८ रंगीत चित्रे आहेत.

तो काळच चित्रांच्या छपाईचा होता. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेला. दगडावरून रंगीत चित्रे छापण्याचे यंत्र आणि कसबी लोक त्यांनी जर्मनीहून आणविले, आणि अखेर तो छापखाना फ्रित्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञानेच विकत घेतला. ज्या देशातून होफमानचा येशू आपल्या भिंतींवर आला त्याच देशाच्या कारागिरांनी आपल्याकडील लक्ष्मी आणि सरस्वतीही घरोघर पोहोचविल्या, ही गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. चित्र पूर्वी राजवाड्यात असे. आता ते विड्याच्या दुकानातही लागू लागले. धुरंधरांची कीर्ती प्रदर्शनांनी वाढविली त्यापेक्षा छपाईने अधिक वाढविली असे आम्हांस वाटते.

आता त्यांच्या इतिहासचित्रांकडे येऊ. साताऱ्याकडील औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी, ज्यांस सूर्यनमस्कारांमुळे पुष्कळ लोक ओळखतात, ते स्वतः चित्रे काढीत आणि चित्रकारांस आश्रय देत. औंधच्या त्यांच्या संग्रहालयात धुरंधरांचे राज्याभिषेकाचे चित्र आहे. १६७४ सालच्या जून महिन्याच्या ६ तारखेचा रायगडावरील तो प्रसंग. धुरंधर आणि तो दिवस यांच्यामध्ये दोनशे वर्षांहून अधिक अंतर. वेर्नरप्रमाणे दालनात उभे राहण्याचे भाग्य त्यांना कोठून असणार? रायगडावर तर उरले होते ते जोते आणि पडके चिरे.

मग आधार काय? एक आधार लेखांचा. मराठी बखरी होत्याच. शिवाय त्या दिवशी गडावर हेन्री ऑक्झिंडेन नावाचा इंग्रजांचा वकील हजर होता आणि त्याने पाहिलेले लिहून ठेवले आहे. सिंहासनाच्या दोन्ही अंगांना भाल्यांच्या सोनेरी टोकांवर लावलेली राजचिन्हे त्याने बारकाईने पाहिली. मोठ्या दातांचे सोन्याचे मासे, घोड्यांच्या शेपट्या, न्यायाची खूण म्हणून समतोल धरलेला सोन्याचा तराजू. राजवाड्याच्या दाराशी दोन लहान हत्ती उभे होते. इतक्या अवघड वाटेने ते वर आणले तरी कसे, याचे त्याला नवल वाटले. तो दूर उभा होता, तेव्हा त्याच्या दुभाष्याने, नारायण शेणव्याने, नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली आणि महाराजांचे लक्ष तिकडे गेले. धुरंधरांच्या चित्रात हा टोपीवाला वाकून मुजरा करताना दिसतो. पुढे सव्वाशे-दीडशे वर्षे ज्यांचे राज्य होणार होते त्यांचा प्रतिनिधी मराठ्यांच्या राजापुढे लवलेला आहे, आणि हे चित्र काढणारा मनुष्य त्याच इंग्रजांच्या सरकारी शाळेचा पगारी नोकर! त्यांनी त्यावर भाष्य केले नाही. रंगवून ठेवले.

दुसरा आधार माणसांचा, आणि आमच्या मते तोच मोठा. शंभरावर माणसे एका चित्रात बसवावयाची आणि प्रत्येकाला निराळे तोंड द्यावयाचे, तर ती तोंडे कोठून आणणार? ज्याने वर्षानुवर्षे बाजारात, देवळाशी, लग्नात, आगगाडीच्या फलाटावर माणसे टिपून ठेवली त्यालाच ते साधते. त्या दरबारात डोळे बारीक करून पाहणारा म्हातारा मानकरी आहे, शेजाऱ्याच्या खांद्यावरून डोकावणारा आहे, आपल्या अंगरख्याकडेच लक्ष असलेला आहे. असा मनुष्य प्रत्येक मंडळीच्या वार्षिक सभेत आपण पाहतो.

पावनखिंडीचे त्यांचे चित्र आमच्या भागातील वाचकांस अधिक जवळचे वाटावे. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्यास महिनोन्‌महिने वेढा घातला होता. जुलै महिन्यातील पावसाळी रात्री महाराज वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले. पाठलाग सुरू झाला. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे थोड्या मावळ्यांनिशी थांबले आणि गडावरून तोफांचा आवाज येईपर्यंत त्यांनी वाट अडवून धरली. तेथे त्यांचा अंत झाला. महाराज आणि बाजीप्रभू त्या खिंडीत समोरासमोर उभे आहेत तो क्षण धुरंधरांनी निवडला. लढाई रंगविणे सोपे, कारण हालचालच पाहणाऱ्यास खेचून नेते. एकाने पुढे जायचे आणि दुसऱ्याने मागे राहायचे, हे दोघांनाही कळलेले आहे, असा क्षण रंगविणे अवघड. त्या डोंगरांचा पाऊस धुरंधरांनी लहानपणी अंगावर घेतला असणार, आणि त्या पावसात वाट कशी दिसते हे आपल्यालाही ठाऊक आहे.

दोषही सांगितले पाहिजेत. त्यांच्या स्त्रिया पुष्कळदा एकाच सुंदर साच्यातून काढल्यासारख्या दिसतात. काही ऐतिहासिक प्रसंगांत माणसे संगीत नाटकाच्या पडद्यापुढे उभी केल्यासारखी वाटतात; तो जमानाच त्या नाटकांचा होता. पण त्यांच्या हयातीतच त्यांच्यावर आणि एकंदर मुंबईच्या शाळेवर जो मोठा आक्षेप आला तो याहून निराळा. कलकत्त्यास हॅवेल आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांनी असे मांडले की, विलायती छायाप्रकाशात काढलेले चित्र हिंदी विषयाचे असले तरी हिंदी नव्हे. अजिंठा, मोगल आणि राजपूत शैलींकडे परत गेले पाहिजे. वाद बरीच वर्षे चालला. आपल्या मंडळ्यांतील वडीलधाऱ्यांस हा वाद ओळखीचा वाटेल, कारण विलायती चालींची गीते गावी की रेव्ह. नारायण वामन टिळकांनी दाखविलेल्या वाटेने अभंग-कीर्तन करावे, यावर आपल्याकडेही थोडी का भांडणे झाली? धुरंधरांनी आपली पद्धत सोडली नाही. हाताला जे वळण खरे वाटत होते त्यातच ते काम करीत राहिले. आम्हांला विचाराल तर, ज्या चित्रातील पागोट्यावरून म्हातारी बाई माणसाचे गाव ओळखते, त्याला परके म्हणणे जड जाते.

शाळेत ते पायरीपायरीने वर चढले, हेडमास्तर झाले. सरकारने त्यांस रावबहादूर केले. नवी दिल्ली बांधली जात असताना सचिवालयातील कायदामंत्र्यांच्या दालनासाठी हिंदू व मुसलमानी कायद्याचे प्रसंग रंगविण्याचे काम त्यांच्याकडे आले. तरी शाळेची सर्वांत वरची खुर्ची इंग्रजांसाठी राखलेली असे. ग्रिफिथ्स गेले, बर्न्स आले. बर्न्स गेले, ग्लॅडस्टन सॉलोमन आले. यांतले काही तर धुरंधरांहून वयानेही लहान. सॉलोमन यांच्या गैरहजेरीत, १९३० साली, धुरंधर शाळेचे हंगामी संचालक झाले. त्या जागेवर बसणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. त्या शाळेत चाळीस वर्षे काढल्यावर, तेही हंगामी, आणि लगेच निवृत्ती. सॉलोमन १९३६ साली गेले तेव्हाही जागा पुन्हा एका इंग्रजासच, चार्ल्स जेरार्ड यांस मिळाली. आम्हांस राग येतो तो यामुळे की, त्या शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या कित्येक पिढ्यांनी हात धरावयास शिकले ते धुरंधरांजवळ.

निवृत्तीनंतरही त्यांचा कुंचला थांबला नाही. १९४४ सालच्या जून महिन्याच्या १ तारखेस ते वारले. तीन वर्षांनी स्वातंत्र्य आले आणि त्याच वर्षी मुंबईत तरुण चित्रकारांनी नवा संघ काढला. त्यांची चित्रभाषा अगदी वेगळी होती. धुरंधरांचे नाव जुन्या कॅलेंडरांबरोबर अडगळीत गेले. त्यांची कन्या अंबिका, जी त्याच शाळेतून १९३१ साली पदविका घेऊन चित्रकार झाली, तिने वडिलांची चित्रे आणि कागद जपले. मुलींनी कलाशाळेत जाण्याचा तो काळ नव्हता. घरात वडील धुरंधर होते म्हणून ते घडले. अंबिकाबाई २००९ साली वारल्या. २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयात धुरंधरांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा पुष्कळ लोकांस हा मनुष्य नव्याने कळला.

पुढच्या एका रविवारी आम्ही राज्याभिषेकाच्या चित्राचे जुने कॅलेंडर वर्गात नेले आणि होफमानच्या चित्राशेजारी टांगले. त्या मुलाला सांगितले की, या दोन्ही चित्रकारांनी काही पाहिले नव्हते. त्यांनी लिहिलेले वाचले आणि आपल्या आजूबाजूची माणसे नीट पाहिली. त्याचे समाधान झाले की नाही ते कळले नाही, कारण तोपर्यंत सगळी मुले कॅलेंडराभोवती जमून माणसे मोजू लागली होती. साठ-पासष्टाच्या पुढे कोणाचा आकडा कोणाशी जमेना. एका मुलीने त्या वाकलेल्या टोपीवाल्यावर बोट ठेवून तो कोण असे विचारले, आणि उरलेला तास हिऱ्याच्या अंगठीच्या गोष्टीत गेला.